‘सर्ज’ या शब्दामागचा कर्ता

इंग्रजी वृत्तपत्रांत ‘सर्ज’ हा शब्द आता पदोपदी भेटतो. भाव वाढले, रुग्ण वाढले, विजेचा दाब एकाएकी चढला की ‘सर्ज’ आलाच. त्याचे कूळ लॅटिन. ‘सुब्’ म्हणजे खालून, ‘रेगेरे’ म्हणजे सरळ नेणे, शासन करणे; त्यांतून ‘सुर्गेरे’, म्हणजे वर उठणे. आपला ‘ऋजु’ हा शब्द या ‘रेगेरे’चा दूरचा आप्त होय. १५ व्या शतकाच्या अखेरीस ‘सर्ज’ इंग्रजीत आला तो झरा, उसळती लाट या अर्थांनी. चक्रीवादळात किनाऱ्यावर चढून येणाऱ्या समुद्राला आजही तोच शब्द लावतात.

लाटेला कर्ता नसतो, आणि गोम नेमकी येथेच आहे. जानेवारी २००७ मध्ये अध्यक्ष बुश यांनी इराकमध्ये २०,००० हून अधिक जादा सैन्य धाडण्याचे जाहीर केले. त्या निर्णयालाही ‘सर्ज’ हेच नाव पडले. ज्यांच्याविरुद्ध ते धाडले, त्या बंडखोरांचे ‘इन्सर्जंट’ हे नावही त्याच धातूतले! टॅक्सी-कंपन्या मागणी वाढताच भाडे चढवतात, तेही ‘सर्ज प्रायसिंग’. वस्तुतः सैन्य कोणीतरी धाडतो, भाडे कोणीतरी ठरवतो.

मराठीतही आपण ‘महागाईची लाट’ म्हणतो, ‘भाव भडकले’ म्हणतो. भाव नेहमी आपोआपच भडकतात काय? वाक्यातला कर्ता ओळखण्यास आपण शाळेत शिकतो. वृत्तपत्र वाचतानाही तो धडा विसरू नये.