अर्जातले एक पान



पदवीनंतर पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करताना गुणपत्रके आणि शिफारसपत्रे यांबरोबर बहुतेक विद्यापीठे एक-दोन पानांचे निवेदन मागतात. त्याला ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणतात. मला काय शिकायचे आहे, कशासाठी, आणि ते याच ठिकाणी का, एवढेच त्यात सांगायचे असते. पण हे ‘एवढेच’ फार अवघड! माझ्या निवेदनाचे पहिले वाक्य होते, ‘लहानपणापासून मला संगणकाची आवड आहे.’ प्रत्यक्षात संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला. शिवाय तेच पान नाव बदलून सगळीकडे धाडले होते.

चांगले निवेदन कसे असते, हे एका मराठी मुलीने १८८३ सालीच दाखवून दिले आहे. आनंदीबाई जोशी तेव्हा १८ वर्षांच्या होत्या. अमेरिकेत पोचल्यावर जून महिन्यात त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिले. त्यातल्या तीन गोष्टी पाहा.

१. उणीव लपवली नाही. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी आपणहून कळवले.

२. जिद्दीचा पुरावा दिला. आप्तमित्रांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण इथवर आलो, असे सांगितले.

३. हेतू नेमका सांगितला. आपल्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. त्यांना मदत करायची आहे. आनंदीबाईंचे स्वतःचे बाळ अवघ्या दहा दिवसांत गेले होते, तेव्हा त्या १४ वर्षांच्या होत्या. हा हेतू पुस्तकातून आलेला नव्हता.

त्यांना प्रवेश मिळाला आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. दुर्दैवाने काम सुरू करण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आता आपल्याविषयी. पदके आणि सीसीए यांची यादी बायोडेटामध्ये येतेच. निवेदनात त्यातले एकच काम घ्या: काय केले, कुठे अडले, त्यातून कोणता प्रश्न मनात राहिला. त्या प्रश्नावर त्या विद्यापीठात कोण काम करते ते शोधा आणि तसे लिहा. एखाद्या सत्रात गुण घसरले असतील तर कारण दोन ओळींत सांगा, रडगाणे नको. शब्दमर्यादा पाळा. शिफारसपत्रासाठी शिक्षकांना निदान महिनाभर आधी विचारा.

पालकहो, शुद्धलेखन जरूर तपासा, पण निवेदन लिहून देऊ नका. संगणकाकडूनही लिहून घेऊ देऊ नका. मुलाचा हेतू त्याच्याशिवाय दुसरे कोण सांगणार?

मुलांनो, पुढच्या वर्गाला पाच ओळी मराठीत लिहून आणा: ‘मला काय शिकायचे आहे आणि कोणासाठी?’ मराठीत लिहिताना मोठमोठे इंग्रजी शब्द मदतीला येत नाहीत. त्यामुळे मनात खरे काय आहे ते लवकर कळते!