बाळाची सीट बांधायची कशाने?

मुंबईहून तान्ह्या बाळाला घेऊन केळशीला निघायचं, म्हणजे आधी महामार्ग आणि मग मंडणगडकडची वळणं. त्यासाठी मागे तोंड करून बसवायची सीट घेतली, की घरात हमखास एक मत ऐकू येतं : आयसोफिक्स असेल तरच ती सुरक्षित, सीटबेल्टने बांधलेली म्हणजे कामचलाऊ. हे मत चुकीचं आहे. एखादी सीट दोन्ही पद्धतींनी बसवायला मान्य असेल, तर धडकेच्या चाचणीत दोन्ही पद्धतींनी ती उतरलेली असते. मग आयसोफिक्स आलं कशाला? माणसाच्या हातून होणाऱ्या चुका कमी करायला. गाडीच्या सीटची पाठ आणि बैठक मिळतात तिथे दोन लोखंडी कड्या असतात. सीटचे दांडे त्यांत खटकन बसतात आणि बहुतेक सीटवर हिरवी खूण दिसते. मात्र नुसत्या कड्यांवर सीट धडकेत पुढे कलंडू शकते, म्हणून बहुधा खाली टेकवायचा पाय दिलेला असतो. मागच्या प्रवाशाच्या पायाखाली सामानाचा कप्पा असलेल्या गाडीत तो पाय पोकळ झाकणावर टेकवला, तर हिरव्या खुणेला काही अर्थ राहत नाही.

बेल्टची पद्धत मात्र हातावर अवलंबून असते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा बेल्ट झटका बसला तरच अडकतो, एरवी सैल सुटतो. त्यामुळे सीटवर बेल्ट पकडणारी खाच असेल तर ती वापरायची, सीटवर भार देऊन बेल्ट ओढायचा आणि पुस्तिकेत दाखवलेल्या वाटेनेच न्यायचा. जिथून बेल्ट जातो तिथे सीट धरून हलवावी. एक इंचापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बांधावी. डोक्याकडची बाजू थोडी हलते, ती हलली म्हणून घाबरू नये. ‘दोन्ही लावले तर दुप्पट भक्कम’ हाही तर्क फसवा आहे. धडकेचा भार कोणत्या वाटेने जावा याचं गणित मांडूनच सीट बनवलेली असते, तेव्हा पुस्तिकेत परवानगी नसेल तर एकच पद्धत वापरावी. आणि ज्यांना गावी भाड्याची किंवा काकांची जुनी गाडी मिळणार, त्यांना बेल्टने बसणारी सीटच जास्त उपयोगाची. कड्याच नसतील तर आयसोफिक्स काय कामाचं?

खरा फरक पडतो तो दिशेने. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान मात्र कोवळी. समोरून धडक बसली की मागे तोंड असलेल्या सीटमध्ये डोकं, मान आणि पाठ एकत्र सीटच्या पाठीत दाबली जातात. पुढे तोंड असेल तर पट्टे धड धरतात आणि डोकं एकटंच पुढे झेपावतं. यावर आक्षेप येतो, ‘पाय दुमडतात, बिचाऱ्याला त्रास होतो’. पण मुलं मांडी घालून मजेत बसतात, आणि पायाच्या दुखापतीपेक्षा मानेची दुखापत किती भारी, हे सांगायला नको. स्वीडनमध्ये चौथ्या वर्षापर्यंत बरीच मुलं अशी मागे तोंड करूनच बसतात. युरोपात 2013च्या आर-129 नियमाखालच्या सीटमध्ये किमान 15 महिने हे सक्तीचं आहे. मागून धडक बसली तर? तशा धडका होतात, पण गंभीर इजा मुख्यतः समोरच्या आणि बाजूच्या धडकांत होते.

‘आजीच्या मांडीवरच बाळ सुरक्षित’ ही समजूत तर सर्वांत जुनी. ताशी 50 किलोमीटरच्या धडकेत 9 किलोच्या बाळाचा ओढा दीडशे-दोनशे किलोंइतका भासू शकतो, तो कुठल्याच हातांना पेलवत नाही. आजी बेल्टशिवाय असेल, तर तिचाही भार बाळावरच येतो. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना मागे तोंड केलेली सीट कधीही ठेवू नये, फुगणारी पिशवी सरळ बाळाच्या डोक्यामागे सीटच्या पाठीवर आदळते. तान्ह्याची सीट साधारण 45 अंश कललेली हवी, नाहीतर मान पुढे पडून श्वास अडतो. हा कल चढावर उभ्या गाडीत न पाहता सपाट जागी पाहावा. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या 194-ब कलमाने 14 वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालसीट नसेल तर 1,000 रुपये दंड आहे.