रीलमध्ये दिसलेली ई-स्कूटर घेताय? आधी ‘वाहन’ डॅशबोर्ड पाहा

इन्स्टाग्राम, यूट्यूबवर रोज एखाद्या नव्या नावाची ई-स्कूटर दिसते. किंमत कमी, रेंज जास्त! पण ती बिघडली तर दुरुस्त कोण करणार, हे रील सांगत नाही.

विक्री कशी तपासाल?
केंद्राच्या ‘वाहन’ डॅशबोर्डवर राज्य आणि आरटीओ निवडून कंपनीनिहाय नोंदणी मोफत पाहता येते. मात्र तिथे ब्रँडचे नव्हे, उत्पादक कंपनीचे नाव शोधा. तुमच्या आरटीओत महिन्याला दोन-चारच गाड्या दिसल्या, तर सर्व्हिस सेंटर आणि सुट्या भागांची खात्री करूनच पैसे भरा.

‘नंबर प्लेट लागत नाही’ म्हणतात?
ही सूट २५० वॉटपेक्षा कमी क्षमतेची मोटर आणि ताशी २५ किमीपेक्षा कमी वेग असलेल्या गाड्यांनाच आहे. म्हणून त्या डॅशबोर्डवर दिसत नाहीत. विक्रेता ४५ चा वेगही सांगतो आणि नोंदणी नको म्हणतो? मग सावध व्हा. उद्या अपघात झाला, तर विम्याचा आणि कारवाईचा प्रश्न तुमच्याच गळ्यात पडेल.

कागद कोणता मागाल?
पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र. त्यावरचे मॉडेलचे नाव गाडीशी जुळवून पाहा.