पेट्रोल की इलेक्ट्रिक? आधी रोजचे किलोमीटर मोजा!

घरगुती डब्यांची डिलिव्हरी करायची, तर स्कूटर पेट्रोलचीच ठेवायची की इलेक्ट्रिक घ्यायची? याचं उत्तर जाहिरातीत नाही, तुमच्या वहीत आहे.

समजा, रोज ६० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस. झाले १,५०० किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि ॲव्हरेज ४५ धरलं, तर खर्च साधारण ३,५०० रुपये. इलेक्ट्रिकला तेवढ्याच अंतरासाठी ५० युनिट धरा. १० रुपये दराने ५०० रुपये. म्हणजे महिन्याला ३,००० वाचले. गाडी ३०,००० ने महाग पडली, तरी १० महिन्यांत फरक वसूल!

पण रोज १५ किलोमीटरच फिरत असाल, तर बचत फक्त ७५० रुपये. तोच फरक भरून निघायला ४० महिने लागतील. त्यात चांगली चालू गाडी विकून नवीन हप्ता मागे लावून घेतला, तर धंद्याचं भांडवलच अडकतं.

घेण्याआधी तीन गोष्टी बघा: रात्री चार्जिंगची सोय, डब्यांच्या वजनासकट मिळणारी खरी रेंज आणि बॅटरीची वॉरंटी.

आजपासून आठवडाभर रोजचं मीटर रीडिंग लिहा. मगच शोरूमची पायरी चढा!