घरची साउंड सिस्टीम घेताना : वॅट नको, कान वापरा



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय जरा निराळा आहे. गट कार्यालयात ऊसनोंदीला येणारे सभासद नोंदीचे काम आटोपले की हळूच विचारतात, "साहेब, टी.व्ही. मोठा घेतला, पण आवाजाला काही दम नाही. होम थिएटर कुठले घ्यावे?" घरची म्हातारी माणसे म्हणतात, "चित्र दिसतंय झकास, पण माणसं काय बोलतात ते कळंना." उसाचा हप्ता खात्यावर जमा होण्याचा आणि दुकानदारांच्या जाहिराती गावोगाव फिरण्याचा काळ बहुधा एकच असतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे असे ठरवले.

प्रथम पैशाचा हिशेब मांडू. २०२५-२६ च्या गळीत हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफ.आर.पी. जाहीर केली, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. त्यामुळे वीस हजारांचा संच म्हणजे सहा टनांहून जास्त ऊस. एकरी ४० टन उतरला असे धरले, तर सुमारे सहा गुंठ्यांचे वर्षभराचे पीक एका खोक्यात घरी आले. तेवढ्या मोलाची वस्तू तरी नीट पारखून घ्यायला हवी.

वॅटचा आकडा आणि त्यातली गोम

दुकानात खोक्यावर मोठ्या अक्षरात ५,००० किंवा १०,००० वॅट लिहिलेले दिसते. जवळ जाऊन पाहिले तर पुढे बारीक अक्षरात पी.एम.पी.ओ. असते. हा आकडा कसा मोजायचा याला कुठलेच सर्वमान्य प्रमाण नाही. बनवणारा म्हणेल तो आकडा. फडातला सगळ्यांत जाड ऊस निवडून त्याचे वजन करायचे आणि त्यावरून एकरी टनेज काढायचे, तसला हा प्रकार! अमेरिकेत असल्याच फुगवलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी तिथल्या व्यापार आयोगाने १९७४ साली नियम करून सलग देता येणारी शक्ती सांगणे बंधनकारक केले. आपणही दुकानदाराला एकच विचारावे : "आर.एम.एस. वॅट किती, आणि तो एका स्पीकरचा की सगळ्यांचा मिळून?" नेमके उत्तर मिळाले नाही तर पुढच्या दुकानात जावे.

दुसरी गोष्ट. वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होतो, असे नाही. वॅट दुप्पट केले तर आवाजात फक्त ३ डेसिबलची भर पडते. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल वाढावे लागतात, आणि त्यासाठी वॅट दसपट लागतात. बारा बाय पंधराच्या खोलीत घरच्यासारखे ऐकताना सरासरी एक-दोन वॅटच्या आसपासच खर्च होतो. ढोलकीची थाप किंवा सिनेमातला स्फोट आला की क्षणभर जास्त लागतात. त्यामुळे घरासाठी प्रत्येक स्पीकरला ३० ते ५० खरे वॅट असले तरी भरपूर झाले.

स्पीकरची 'सेन्सिटिव्हिटी' म्हणून एक आकडा असतो. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, ते त्यावरून कळते. ८५ डेसिबलच्या स्पीकरला जो आवाज काढायला २० वॅट लागतात, तो ८८ च्या स्पीकरला १० वॅटमध्ये निघतो. आपल्या भाषेत सांगायचे तर वॅट म्हणजे टनेज आणि हा आकडा म्हणजे साखर उतारा. नुसत्या टनेजवर साखर ठरत नाही, हे सभासदांना आम्ही वेगळे सांगायला नको.

२.०, २.१, ५.१ म्हणजे काय?

टिंबाच्या अलीकडचा आकडा स्पीकरचा आणि पलीकडचा '१' वूफरचा. २.० म्हणजे डावा-उजवा असे दोन स्पीकर. २.१ म्हणजे त्यात खर्जासाठी वेगळा वूफर. ३.१ मध्ये मधला सेंटर स्पीकर वाढतो. ५.१ मध्ये त्याशिवाय बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, दोन स्पीकर येतात. ५.१.२ असे लिहिले असेल तर शेवटचे दोन वरून येणाऱ्या आवाजासाठी असतात.

यातला सेंटर स्पीकर महत्त्वाचा. ५.१ पद्धतीने मुद्रित केलेल्या सिनेमात बहुतेक संवाद या मधल्या स्पीकरकडे पाठवलेले असतात. हल्लीचे टी.व्ही. पातळ झाले, त्यांचे स्पीकर लहान झाले आणि त्यांचे तोंड बहुधा खाली किंवा मागे गेले. मग संवाद भिंतीवर आपटून येतात आणि पार्श्वसंगीतात बुडतात. तेव्हा म्हाताऱ्या माणसांची तक्रार खरी आहे, त्यात दर वेळी कानांचाच दोष नसतो. घरात ही अडचण असेल तर मागच्या स्पीकरपेक्षा सेंटर स्पीकरवर पैसा आधी घालावा.

गाण्यांचा हिशेब वेगळा आहे. १९७० च्या आधीची आपली बहुतेक भावगीते, अभंग आणि चित्रपटगीते मोनो पद्धतीने ध्वनिमुद्रित झाली आहेत. नंतरची पुष्कळशी डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांची, म्हणजे स्टीरिओ आहेत. ती सहा स्पीकरवर वाजवली म्हणून त्यांत नवे काही येत नाही. म्हणून आमचे सांगणे असे : ज्या घरात गाणी जास्त आणि सिनेमा कमी, त्यांनी दोन चांगले स्पीकर घ्यावेत. एकाच किमतीत दोन चांगले आणि सहा हलके असे दोन संच समोर असतील, तर दोन चांगल्यांचा संच केव्हाही सरस.

'डॉल्बी' शब्दाचा गैरसमज

आपल्याकडे 'डॉल्बी' म्हटले की मिरवणुकीतली बॉक्सची भिंत डोळ्यांसमोर येते. खरे तर हे एका शास्त्रज्ञाचे आडनाव आहे. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी! खोक्यावर 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'ॲटमॉस' लिहिले असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की हे यंत्र त्या पद्धतीने भरलेला आवाज उलगडू शकते. तो किती चांगला वाजेल, हे त्या शिक्क्यावरून ठरत नाही. दोन फुटांच्या पट्टीवर 'ॲटमॉस' छापले म्हणून छतावरून पाऊस पडल्यासारखे वाटेलच, असे समजू नये.

किती पैशात काय घ्यावे?

(१) दहा हजारांच्या आत : वूफरसह २.१ चा साउंडबार, किंवा ॲम्प्लिफायर आतच असलेली स्पीकरची जोडी. संवादासाठी साउंडबार सोयीचा, गाण्यांसाठी जोडी बरी. एवढ्या पैशात ५.१ च्या मागे लागू नये. पैसा सहा ठिकाणी वाटला जातो आणि एकही स्पीकर धड येत नाही.

(२) दहा ते पंचवीस हजार : सेंटरसह ३.१ किंवा ५.१ चा साउंडबार, नाही तर लाकडी पेटीतली चांगली स्पीकर जोडी. बहुतेक घरांना येथे थांबायला हरकत नाही.

(३) त्यापुढे : वेगळा ए.व्ही. रिसीव्हर आणि वेगळे स्पीकर. हा मार्ग टप्प्याटप्प्याने जाण्याचा आहे. पहिल्या वर्षी रिसीव्हर आणि पुढचे दोन स्पीकर घ्यावेत. रिसीव्हरमध्ये 'सेंटर नाही' अशी नोंद केली की संवाद पुढच्या दोघांतून येतात. पुढच्या हंगामात सेंटर, मग वूफर, शेवटी मागचे दोन. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. साउंडबारचे तसे नसते.

घरात जुना चालू ॲम्प्लिफायर आणि स्पीकर असतील तर ते मोडीत घालू नयेत. टी.व्ही.ला हेडफोनची जागा असेल तर साध्या वायरने तो जोडता येतो. जुन्या स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड कुजली आहे का, तेवढे पाहावे.

जोडणी

टी.व्ही.मागे 'एच.डी.एम.आय. ए.आर.सी.' असे लिहिलेले छिद्र आहे का, ते दुकानात जाण्यापूर्वी घरीच पाहून ठेवावे. त्या एका वायरीने आवाज जातो आणि बहुधा टी.व्ही.च्याच रिमोटने कमीजास्तही होतो. ते नसेल तर 'ऑप्टिकल' जोडणी चालते. ब्लूटूथ गाण्यांना ठीक. सिनेमाला मात्र त्यात आवाज मागे पडतो, ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात.

स्पीकरच्या वायरी लावताना लाल ते लाल, काळी ते काळी हे सांभाळावे. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा खर्ज मारतात, आणि मालकाला वाटते संचच भुक्कड. पंधरा-वीस फुटांपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते. महागड्या वायरीची गरज नाही, उंदरापासून मात्र ती जपावी.

खोली म्हणजे जमीन

उत्तम बेणे चोपण जमिनीत लावले तर काय होते, हे आपण जाणतोच. आवाजाला खोली तशीच. फरशी, काच आणि चार उघड्या भिंती असल्या की आवाज घुमतो आणि शब्द पुसट होतात. जाड सतरंजी, पडदे, गादी, पुस्तकांचे कपाट यांनी तो घुमारा कमी होतो. स्पीकर बदलण्याआधी सतरंजी टाकून पाहावी. हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

खर्जाचा आवाज तर शेतातल्या पाण्यासारखा वागतो. एका कोपऱ्यात तुंबतो, दुसरीकडे पोचतच नाही. बारा फूट अंतराच्या समोरासमोरच्या भिंतींत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर काही जागी फार घुमतो आणि काही जागी नाहीसा होतो. वूफर कोपऱ्यात ठेवला तर दणका वाढतो, पण तो चिखलासारखा होतो. जागा शोधायची एक युक्ती आहे. वूफर थोडा वेळ आपल्या बसायच्या जागी ठेवावा, खर्ज भरपूर असलेले गाणे लावावे आणि भिंतीकडेने वाकून ऐकत फिरावे. जेथे ठोका स्वच्छ ऐकू येतो तेथे वूफर कायमचा ठेवावा.

पुढचे दोन स्पीकर आणि आपण यांचा समभुज त्रिकोण व्हावा. त्यांतले बारीक आवाजाचे छोटे स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावेत. शोकेसच्या कप्प्यात कोंबू नयेत, आणि छताजवळ टांगू तर नयेतच.

दुकानात पारख कशी करावी?

• आपल्या ओळखीची चार गाणी मोबाइलवर घेऊन जावे : एक नुसता गळा ऐकू येणारे, एक पखवाज-टाळांचा अभंग, एक ढोलकीची लावणी, एक नव्या सिनेमातले. सोबत बातम्या किंवा एखादा संवादाचा प्रसंगही लावून पाहावा.

• दोन संच ताडताना आवाज सारखा ठेवावा. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि जो खपवायचा आहे त्याचे बटण थोडे पुढे सरकवणे अवघड नाही.

• टाळ टाळासारखा वाटतो की पत्रा वाजल्यासारखा? ढोलकीच्या प्रत्येक थापेचा बोल सुटा कळतो की नुसते घुम्म घुम्म? हे पाहावे.

• जी.एस.टी.चे पक्के बिल आणि हमीपत्र घ्यावे. दुरुस्तीचे केंद्र तालुक्यात आहे की जिल्ह्याला जावे लागेल, ते विचारावे. रस्त्याकडेला टेम्पोतून स्वस्तात विकले जाणारे डबे घेऊ नयेत.

• 'बिनव्याजी हप्ता' म्हटले तरी प्रक्रिया शुल्क किती आणि रोखीची किंमत किती, ते विचारून बेरीज करावी.

घरी आणल्यावर

अर्थिंग असलेल्या तीन पिनच्या सॉकेटलाच संच जोडावा. व्होल्टेज कमीजास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावावा. वीज कडाडू लागली की नुसते बटण बंद करून भागत नाही. पिन आणि डिशची वायर, दोन्ही काढून ठेवाव्यात.

आवाजालाही मर्यादा हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो, मुलांसाठी ही मर्यादा ७५ ची आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शेजारच्या घरात अभ्यासाला बसलेले पोर असते, रात्रीच्या पाण्याची पाळी करून नुकता पाठ टेकलेला माणूस असतो. त्यांचाही विचार व्हावा.

शेवटी शेतकी विभाग म्हणून एक स्पष्ट सांगतो. पीककर्जाची रक्कम यात घालू नये. माती परीक्षण, बेणे बदल आणि ठिबकची दुरुस्ती आधी. त्यातून उरलेल्या पैशातच गाणे आणि सिनेमा. पण उरलेल्या पैशातून घेण्यात संकोचही नको. वर्षभर राबणाऱ्या कुटुंबाने संध्याकाळी एकत्र बसून चार गाणी ऐकावीत, म्हाताऱ्या आईला नातवाला न विचारता सिनेमातला शब्दन् शब्द कळावा, यासाठी केलेला खर्च वाया गेला असे कोण म्हणेल? तो फसव्या आकड्यांवर जाऊ नये, एवढेच आमचे सांगणे.



— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग