निवेदनाची पोच

सातपूर आणि अंबड या नाशिकच्या दोन एमआयडीसींत मोटारीचे सुटे भाग, इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणारी छोटी वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. इथला मालकच ऑर्डर आणतो, जीएसटी भरतो आणि कॉम्प्रेसर रुसला तर पान्हा घेऊन बसतो. मंत्रालयात खेटे घालायला त्याला सवड कुठली? ते काम त्याच्या वतीनं करतात ‘निमा’ आणि अंबडची ‘आयमा’ या उद्योजक संघटना.

मंत्री आले की पुष्पगुच्छ, निवेदन, फोटो हे ठरलेलंच. त्यावरून संघटना जोखू नये. खरं काम रटाळ असतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा उद्योग मित्र समितीत रस्ते, पथदिवे, सांडपाणी हेच विषय पुन्हा पुन्हा निघतात. महापालिका एमआयडीसीकडे बोट दाखवते, एमआयडीसी महापालिकेकडे. २०१८ मध्ये महापालिकेनं मालमत्तांचं करयोग्य मूल्य वाढवलं, तेव्हा शहरासोबत उद्योजकही विरोधात उतरले होते.

विजेचं प्रकरण आणखी किचकट. २००३च्या वीज कायद्यानुसार वीज नियामक आयोगाला लोकांच्या हरकती विचारात घेऊनच दर ठरवावे लागतात. पण महावितरणची याचिका म्हणजे आकड्यांचं जंगल! स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क यांतला नेमका कुठला वाढला आणि का, हे उलगडून सांगणारा एक जाणकार दहा घोषणांना भारी पडतो.

खरी अडचण थकलेल्या बिलांची. २००६चा एमएसएमई विकास कायदा सांगतो, लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्या. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. पण तक्रारीत खरेदीदाराचं नाव लिहावं लागतं, आणि पुढची ऑर्डरही त्याच्याचकडून यायची असते. शिवाय अशा संघटनांत लहान-मोठे एकाच सभागृहात बसतात. तिथं आवाज आपोआप खाली येतो.

म्हणून मला २०२३च्या वित्त कायद्यातली तरतूद जास्त कामाची वाटते. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची आयकरात वजावट नाही. कुणी तक्रार करायची गरजच नाही, ऑडिटरच विचारतो. मार्चअखेरीस मोठ्या कंपनीच्या अकाउंट्समधून फोन येतो, ‘उद्यम सर्टिफिकेट पाठवा.’ मात्र लघुउद्योग म्हणून नोंदणी दिसली की ऑर्डर दुसरीकडे जाईल या धास्तीनं काही जण तेही पाठवायला कचरतात.