चार बोटं बर्फाचं अंगण

"अगं, तिकडे बर्फाला काय तोटा? आणि तो तू चोपत कशाला बसतेस?"

फोनवर आईचा हा प्रश्न दरवर्षी नोव्हेंबरात ठरलेला. तिचंही बरोबर आहे म्हणा. मी मूळची फलटणची. बर्फ म्हणजे रसवंतीच्या पेल्यातला, एवढीच आमची ओळख! लग्नानंतर अमेरिकेत मिनेसोटात आले. डुलुथ शहराजवळच्या एका लहान गावात आम्ही राहतो. इथे नोव्हेंबरअखेरीस साडेचारच्या आतच सूर्य मावळतो आणि जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांवर जातो. पहिले दोन हिवाळे मी खिडकीशी बसून काढले. तिसऱ्या वर्षी शेजारच्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "बसून थंडी जात नाही, चल माझ्याबरोबर." इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, पण माझ्या मनात त्या 'बाई'च.

बाईंनी मला क्रॉसकंट्री स्कीइंगच्या वाटा तयार करणाऱ्यांच्या गटात नेलं. सिनेमात डोंगरावरून सुसाट खाली येतात ना, ते हे नव्हे. हे जंगलातल्या चढउताराच्या वाटांवरून, अरुंद लांब पट्ट्या पायाला लावून, स्वतःच्या ताकदीवर मैलोन् मैल जायचं. त्यासाठी बर्फात शेजारी शेजारी दोन चऱ्या पाडलेल्या असतात. पाहिल्या आणि मला एकदम बैलगाडीची चाकोरीच आठवली.

या वाटा आपोआप होत नाहीत. कुणीतरी रात्री स्नोमोबाइलला अवजारं जोडून त्या घडवतं. आमच्या गावात हे काम आम्ही बिनपगारी करतो. माझी मुलगी शाळेच्या स्की-संघात आहे, तेव्हा मला तर दुहेरी हौस.

जानेवारीत भरपूर बर्फ असतो तेव्हा काम सोपं. खरी परीक्षा नोव्हेंबरात. पहिला बर्फ वीतभर पडतो, पण ताज्या बर्फात बहुतेक हवाच! दाबला की हातात उरतात तीन-चार बोटं. खाली दगड, मुळं, पालापाचोळा. तेवढ्यात भागवायचं.

दोन वर्षांपूर्वी मी नेमकी इथेच चुकले. पहिला बर्फ पडला, दुसऱ्या दिवशी मुलांचा सराव सुरू होणार होता. मी अतिउत्साहात दातांचं अवजार जोडलं, आपल्या कुळवासारखंच असतं ते. दात खाली सोडले आणि वाट जानेवारीसारखी गुळगुळीत करायला निघाले. तीन फेऱ्या मारल्या. अंधारात दिसलं नाही, पण दातांनी खालची माती, पानं, खडी सगळं वर आणलं होतं. सकाळी पांढऱ्या वाटेवर काळे डाग. काळ्या रंगावर ऊन तापतं, त्यामुळे दुपारपर्यंत प्रत्येक डागाभोवती बर्फ वितळून जमीन उघडी पडली. मुलांचा सराव रद्द झाला, आणि पुढे आठ दिवस आभाळातून एक कण पडला नाही. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्या मैत्रिणींसमोर मान वर करायची सोय राहिली नाही.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू नोव्हेंबरात जानेवारीचं काम केलंस." आणि माझ्या हातात फावडं दिलं. आम्ही चरांतला, मोकळ्या माळावरचा, पार्किंगच्या कडेचा स्वच्छ बर्फ घसरगाडीत भरभरून आणून उघड्या जागांवर टाकू लागलो. तिसऱ्या दिवशी लेक आली, तिच्यामागे संघातल्या मुली आल्या. पाठ मोडली, पण वाटेला ठिगळं लागली.

त्या आठवड्यात बाईंनी एकेक गोष्ट नीट समजावली. थर पातळ असेल तर खरवडायचं नाही, फक्त दाबायचं. त्यासाठी पोकळ पिंपासारखा रोलर असतो. मोकळा बर्फ गोधडीसारखा असतो, खालच्या जमिनीची ऊब धरून ठेवतो आणि तळातून वितळतो. दाबला की हवा निघून जाते, थंडी जमिनीपर्यंत पोचते, जमीन गोठते आणि वरचा बर्फ टिकतो. काम करायचं संध्याकाळी, पारा उतरत असताना. मग काही तास तिथे कुणी पाऊल टाकायचं नाही. तेवढ्या वेळात बर्फाचे कण एकमेकांना चिकटून घट्ट होतात. चऱ्या पाडायची घाई नाही, घट्ट थर निदान चार-सहा इंचांचा व्हायला हवा. जागच्या जागी गाडी वळवायची नाही, पट्ट्याखालचा बर्फ उखडतो. आणि निम्मं काम तर बर्फाआधीच असतं. ऑक्टोबरात गवत कापायचं, दगड वेचायचे, पानं झाडून काढायची.

ऐकता ऐकता मला आजीचं अंगण दिसायला लागलं. दिवाळीआधी ती मातीचा पातळ थर पसरायची, पाणी शिंपडायची, धुमसाने चोपायची, मग शेणाने सारवायची. आम्ही पोरं उंबऱ्यावर अडकलेली. "वाळल्याशिवाय पाऊल टाकाल तर बघा!" एकदा जाड थर दिला की तडे जातात, हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलं होतं? मी ते लहानपणी रोज पाहिलं होतं, तरी इथे येऊन विसरले!

आता तर हे शिकणं भागच आहे. २०२३-२४चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वात उबदार ठरला. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये हेवर्ड इथे १९७३पासून बर्कबायनर ही मोठी स्की-शर्यत होते. एरवी पन्नास किलोमीटर जंगलातून जाणारी ही शर्यत फेब्रुवारी २०२४मध्ये यंत्राने केलेल्या बर्फाच्या दहा किलोमीटरच्या वर्तुळात फिरून फिरून पार पाडावी लागली. आमच्या लहान गावाकडे असली बर्फाची यंत्रं नाहीत. वरून येईल तेवढाच बर्फ, तो जपायचा.

गेल्या नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला तेव्हा बाईंचा गुडघा दुखत होता. किल्ली माझ्या हातात दिली. रात्री आठ वाजता मी एकटीच निघाले. रोलर जोडला, हळूहळू एक फेरी पूर्ण केली. दिव्याच्या उजेडात मागे पाहिलं तर वाट काही गुळगुळीत नव्हती, मधूनमधून गवताची टोकं दिसत होती. अजून एक फेरी मारावी, जरा दात लावून बघावं, असा हात शिवशिवला. पण गाडी वळवली आणि सरळ घरी आले.

सकाळी लेक जुन्या, ओरखडे पडलेल्या स्की घेऊन गेली. सुरुवातीच्या पातळ बर्फात नव्या कुणीच काढत नाही. परतली तेव्हा गाल लाल, आणि म्हणाली, "आई, टिकलाय गं!"

तेवढ्यात फलटणहून फोन. "काय करत होतीस काल रात्री? उचलला नाहीस."

"अंगण चोपत होते," मी म्हटलं.

आई क्षणभर थांबली. "मग वाळू दे नीट. आणि कुणाला पाऊल टाकू देऊ नकोस हो."